पहिली रेघ

“अरे वा, तोच गॉगल अजून?”

एवढंच विचारलं त्यानं. गुलमर्गला गंडोल्याच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांच्या, रांगेत आम्ही ताटकळत उभे होतो. पुढं लुधियानाचं अख्खं वऱ्हाड, मागं लाकडी घसरगाड्या ओढणाऱ्यांचा गलका, आणि त्या जत्रेत उदयन कर्णिकला नेमकी माझी बायको दिसली. अंगात केशरी जाकीट, खांद्यावर स्की, मागं त्यानं पुण्याहून आणलेली दहा-बारा गिऱ्हाइकं.

“चांगला आहे की. टाकू कशाला?” कांचन म्हणाली.

“टाकू नकोस. छान दिसतो तुला.” मग त्याची नजर माझ्यावर आली. “आणि हे म्हणजे...?”

“दिगंबर. माझा नवरा.”

“हां हां. चष्म्याचं दुकान. लक्ष्मी रोड.”

“टिळक रोड,” मी म्हणालो.

तो हसला आणि निघून गेला. गाइड लोकांची रांग वेगळी असते. आम्ही अजून लुधियानाच्या मागंच होतो आणि तो पाळण्यात बसून वर चालला होता. कांचननं मान वर करून पाहिलं. आता पाळणा वर गेला की रांगेतली सगळीच माणसं वर बघतात. पण मला इतरांशी काय करायचंय?

तो गॉगल उदयननं तिला दिला होता. आमच्या लग्नाच्या आधी, दोघांचं ठरल्यासारखं होतं तेव्हा. कांचनला लांबचं दिसत नाही. बर्फात नंबराशिवाय तिला उंचवटा आणि खळगा सारखाच. म्हणून गॉगलच्या आत नंबराची काच बसवून घ्यायला ती दोघं माझ्या दुकानात आली. ती माझी आणि तिची पहिली भेट. मी तिचे डोळे तपासत होतो तेवढ्या वेळात त्यानं माझ्या आरशासमोर दुकानातल्या निम्म्या फ्रेमा लावून पाहिल्या आणि एकही घेतली नाही. काही महिन्यांनी ती एकटी आली, स्क्रू ढिला झाला म्हणून. पुढं तो स्क्रू फारच वारंवार ढिला व्हायला लागला आणि वर्षभरात आमचं लग्न झालं. त्यांच्या गिर्यारोहण मंडळातले लोक लग्नाच्या पंगतीत माझ्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणाले होते, “उदयननं सोडली, मग काय, चष्मेवाला मिळाला.”

तर असा तो गॉगल. बाहेरून त्याचा, आतली काच माझी. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या नाकावर आम्ही दोघेही बसलेलो.

त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात बूट काढता काढता कांचन म्हणाली, “मला नाही यायचं पुन्हा इथं.”

“का?” मी विचारलं. खरं कारण तिच्या तोंडून ऐकायची मला घाई झाली होती.

“केवढी गर्दी. दिवसभर रांगेत उभं राहायचं आणि उतरायला मिळतं दोनदा. बर्फ सगळा तुडवून फरशीसारखा झालेला. वर खर्च बघ. दिगू, एखादं कमी गर्दीचं ठिकाण शोध ना. आपल्याला परवडेल असं. आणि बर्फ कसा, पावडर हवा.”

पावडर म्हणजे काय ते मी तोवर ऐकूनच होतो. नुकता पडलेला, कोरडा, हलका बर्फ. तांदळाच्या पिठीसारखा; मुठीत धरला तरी त्याचा लाडू वळत नाही. त्यावरून उतरताना स्कीचा आवाज होत नाही म्हणे. आणि ज्यानं तो एकदा अनुभवला त्याला दुसरा बर्फ गोड लागत नाही.

“तू कुठं बघितलास?” मी विचारलं.

“फार पूर्वी. एकदा.”

आमच्या घरात ‘फार पूर्वी’ याचा अर्थ एकच होता. मी त्याच रात्री मनाशी ठरवलं. उदयनची सावलीही जिथं पडलेली नाही असा बर्फ शोधायचा आणि कांचनला तिथं न्यायचं. पुढं कधी कुणी पावडर म्हटलं की तिला मी आठवलो पाहिजे. दुसरं काही मला नको होतं.

पण ठरवणं सोपं. मी वर्षभर गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसून असायचो. एखाद्या जागेचं नाव सापडलं की घरी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारायचं, “हे कधी ऐकलंयस गं?” औली? मंडळाबरोबर झालेलं. सोलंग? दोनदा झालेलं. मुन्सियारीच्या वरचा उतार? तिथला तंबूतला फोटो तिच्या माहेरी भिंतीवरच आहे, आणि फोटोत केशरी जाकीट. परदेशातली ठिकाणं निवांत दिसायची, पण तिथं परवडण्यासारखं फक्त फोटो बघणं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी माझी गत होती. ज्याला हिमालयातला उतार न् उतार पाठ होता तो माणूस कोथरूडला राहत होता आणि त्याचा नंबर पेपरातल्या जाहिरातीत छापून येत होता.

शेवटी एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी फोन लावला.

“उदयन कर्णिक बोलतोय.”

“नमस्कार. मी जळगावहून पाटील.”

“बोला, पाटील.”

“स्कीइंगला जायचं होतं. कमी गर्दीचं, खिशाला झेपेल असं ठिकाण हवंय. आणि बर्फ जरा पावडर.”

तो मोठ्यानं हसला. “पाटीलसाहेब, स्वस्त, निवांत आणि वर पावडर? हे म्हणजे सुंदर, श्रीमंत आणि गरीब स्वभावाची मुलगी शोधण्यासारखं झालं.”

“मिळते की एखाद्याला,” मी म्हणालो.

“स्की येतं का तुम्हाला?”

“मला जेमतेम. मंडळींना चांगलं येतं.”

“जळगावच्या वहिनींना? कमाल आहे.” मग तो म्हणाला, “एक जागा आहे. पूर्वी मी कुणाला सांगायचो नाही. रिंगालखाल. गढवालात, रस्ता संपतो तिथून पुढं. आता गावातल्या पोरांनी खालच्या उतारावर दोरीची लिफ्ट टाकलीय म्हणे. पण खरी मजा वरच्या कुरणावर. चालत चढायचं आणि मधूनच सरळ खाली यायचं. मधला पट्टा म्हणजे सोनं.”

“तुम्ही गिऱ्हाइकं नाही नेत तिथं?”

“छे. आंघोळीला गरम पाणी नाही तिथं. माझा सगळा कारभार आता गुलमर्ग आणि कझाकस्तान. तुम्ही जा बिनधास्त.”

मी खडा टाकला. “तुम्ही बऱ्याचदा गेलेले दिसता.”

“एकदाच गेलो.”

“एकटेच?”

“होते ग्रुपमधले दोन-तीन जण.”

“कोण कोण?” हे जळगावच्या पाटलानं विचारायचं काही कारण नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

“आता कुठं आठवतंय, पाटील,” तो म्हणाला आणि त्यानं जीपवाल्याचा नंबर दिला.

फोन ठेवला आणि मला नाचावंसं वाटलं. कोण होतं ते त्याला आठवत नव्हतं. म्हणजे कांचन नव्हती. कांचनबरोबर कुणी अशा जागी जाईल आणि तिला विसरेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी आपल्या मापानं त्याला मोजलं.

घरी कांचन मेथी निवडत बसली होती. मी म्हणालो, “सापडलं. रिंगालखाल.”

तिचे हात चालूच होते. “कुणी सांगितलं?”

“इंटरनेटवर. फार खणावं लागलं. ऐकलंयस का?”

तिनं एक जुडी संपवून दुसरी घेतली. “कधी जायचं?” तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, उडी मारेल. थोडा हिरमुसलो, पण म्हटलं, तिथं पोचली की बोलेल.

पोचायला रेल्वे, बस, जीप आणि शेवटी पाठीवर सामान टाकून चालणं असं सगळं करावं लागलं. पण जागा उदयननं सांगितली त्याहूनही निवांत. नेगी नावाच्या एका माणसानं नुकतंच चार खोल्यांचं गेस्टहाऊस बांधलं होतं. त्याची बायको चुलीवर राजमा आणि नाचणीची भाकरी करायची. खालच्या उतारावर डिझेलच्या इंजिनावर चालणारी एक दोरी; ती धरायची आणि वर ओढलं जायचं. रांग नाही, गलका नाही. आमच्याशिवाय डेहराडूनची दोन कॉलेजची मुलं तेवढी होती. ऐन मोसमात असा उतार रिकामा मिळावा, तोही आमच्या ऐपतीत, या कौतुकानं मी दोन दिवस नुसता फुगून होतो. दुसऱ्या दिवशी तर सकाळपासून अंधार पडेपर्यंत बर्फ पडला. मी खिडकीशी बसून तो स्वतः पाडत असल्यासारखा बघत होतो.

“गुलमर्गपेक्षा बरं ना?” मी विचारलं.

“कितीतरी.”

“औलीपेक्षा?”

“हो रे.”

“तू तो पूर्वी पावडर बघितलास, त्यापेक्षा?”

तिनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. “बर्फासारखा बर्फ असतो, दिगू,” ती म्हणाली.

माझ्या तोंडाची चव गेली. एवढा खटाटोप करून, एवढा बर्फ पाडून, शेवटी बरोबरीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आम्ही स्की खांद्यावर टाकून वरच्या कुरणावर चढलो. वर पोचलो आणि मी बघतच राहिलो. समोर सगळा उतार कोरा. पाखराच्या पायाचा ठसासुद्धा नाही. उजव्या बाजूनं देवदारांची रांग खाली उतरत गेली होती, आणि मधला पट्टा रुंद, गुळगुळीत, उन्हात चमकत होता. मी कांचनकडे पाहिलं. ती बर्फाकडे बघतच नव्हती, बुटाची पकड घट्ट करत होती.

“चल,” ती म्हणाली. “पहिली रेघ तुझी.”

“माझी?”

“नियमच आहे. ज्यानं जागा शोधली, पहिली रेघ त्याची.”

हा त्यांच्या मंडळाचा जुना रिवाज. कोऱ्या उतारावर पहिल्यांदा उतरायचा मान जागा शोधणाऱ्याचा. त्याची रेघ उमटेपर्यंत बाकीच्यांनी बर्फाला स्की लावायची नाही. तो कितीही कच्चा असो, लंगडा असो, आधी तोच. माझ्यासारख्या घसरत-धडपडत उतरणाऱ्यानं खरं तर हात जोडून मागं सरायला हवं होतं. शिवाय जागा मी कुठं शोधली होती? मागून आणली होती, तीही कुणाकडून! पण ती रेघ मला हवी होती. त्या पांढऱ्या उतारावर तिच्या डोळ्यांदेखत, कर्णिकांची नव्हे, माझी.

“उजव्या अंगानं जा,” कांचन म्हणाली. “देवदारांच्या कडेनं.”

“का?”

“तिकडचा बर्फ बरा वाटतोय.”

“मधला जास्त चांगला आहे.”

“तुला काय कळतंय?”

“दिसतोय की.”

“दिगू, ऐक माझं. उजवीकडून जा.”

आता गंमत बघा. ज्याच्या नुसत्या नावानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, बर्फाच्या बाबतीत त्याच्या शब्दावर माझा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता. मधला पट्टा म्हणजे सोनं. मी मान डोलावली आणि मधूनच सुटलो.

खरंच आवाज होत नव्हता. बर्फ गुडघ्यापर्यंत उडत होता आणि माझे पाय, जे आयुष्यात कधी माझ्या मनासारखे वागले नव्हते, ते आपोआप डावीकडे झुकत होते, उजवीकडे झुकत होते. चार-पाच वळणं मी अशी घेतली की मलाच खरं वाटेना. म्हटलं, हे असं असतं होय! आणि लगेच पुढचा विचार आला, हे हिनं त्याच्याबरोबर अनुभवलंय. भर सुखात मला मिरच्या झोंबल्या. जित्याची खोड, दुसरं काय.

तेवढ्यात वरून किंकाळी आली. “दिगू, थांब! ओढा आहे! मध्ये ओढा आहे!”

पावडरमध्ये थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पायाखालचा बर्फ नुसता बसला आणि मी डोकं खाली, पाय वर असा आत गेलो.

ओढ्यावर बर्फाचं छत धरलेलं असतं. वरून काही कळत नाही. मी त्या छतातून आत पडलो होतो आणि स्की वर कुठंतरी आडव्या अडकल्या होत्या. तोंडात, नाकात, कानांत बर्फ. हालचाल केली की आणखी खाली जायचो. डोक्याखाली पाण्याचा आवाज येत होता, अगदी जवळ. मी मरणार असं मला स्वच्छ वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही डोक्यात एकच किडा वळवळत होता. ओढा आहे हे हिला कसं ठाऊक?

कांचन आली. आधी तिनं माझ्या तोंडापाशी पोचेल असं भोक केलं, मग हातांनी उकरत उकरत बुटांची पकड सोडवली, आणि पट्ट्याला धरून मला बाहेर ओढलं. एवढं बळ तिच्यात कुठून आलं कुणास ठाऊक. आम्ही दोघंही धापा टाकत बर्फात बसलो. तिनं माझे हात-पाय चाचपून पाहिले.

“लागलं कुठं?”

“ओढा आहे हे तुला कसं माहीत?”

“आधी श्वास घे नीट.”

“कांचन.”

तिनं हातमोजे काढले, झटकले, पुन्हा घातले. “मी आलेय इथं,” ती म्हणाली.

“उदयनबरोबर.”

“हो.”

“आणखी कोण होतं?”

“कुणी नाही. आम्ही दोघंच.”

मला पुन्हा ओढ्यात ढकलून दिल्यासारखं झालं. वर्षभर खपून, जगाच्या पाठीवरची एवढी ठिकाणं सोडून, मी तिला नेमकं त्यांच्याच उतारावर आणलं होतं. मी म्हणालो, “मग नाव ऐकलंस तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलणार होते? तू वर्षभर शोधत होतास. केवढा खूश होऊन घरी आलास. म्हटलं, जाऊ या. जागा काय कुणाच्या बापाची असते?” तिनं त्या भगदाडाकडे पाहिलं. “आणि मीही पडलेय यात.”

“यात?”

“याच ओढ्यात. जागा त्यानं शोधली होती, म्हणून पहिली रेघ त्याची. अर्ध्यावर गेला आणि तिथूनच ओरडला, माझ्या मागोमाग ये. मी गेले. तो वेगात होता, छतावरून निसटून गेला. माझ्या पायाखाली ते बसलं. मला वाटलं, आता वळून बघेल. मी ओरडत होते, पण बर्फ आवाज खातो. एकटीच उकरत बाहेर आले. खाली पोचले तर साहेब संत्रं सोलत बसले होते.”

“काही म्हणाला?”

“म्हणाला, किती उशीर. मी सांगितलं, पडले होते, तू मागं बघितलं नाहीस. तर म्हणाला, अगं, थांबलो असतो तर लय तुटली असती.” तिनं बुटावरचा बर्फ झटकला. “पुण्याला आल्यावर मी त्याला नाही म्हणून सांगितलं.”

“तू? सगळे तर म्हणतात, त्यानं तुला...”

“म्हणू देत. ओढ्यात पडले म्हणून लग्न मोडलं, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? लोक हसले असते.”

मी हसलो नाही. पण पंगतीतलं ते वाक्य इतकी वर्षं माझ्या घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं होतं, ते निघालं. मी उरलासुरला नव्हतो. मला एकदम इतकं हलकं वाटलं, इतका उदार झालो मी, की म्हणालो, “मलाही एक सांगायचंय. ही जागा इंटरनेटवर नाही सापडली. मी उदयनला फोन केला होता. नाव बदलून. जळगावचा पाटील म्हणून.”

“जळगावचा?”

“पाटील.”

तिला हसू फुटलं. अशी हसली की तिला बसवेना, पोट धरून ती आडवीच झाली. मीही हसलो. नाकातून अजून पाणी येत होतं, तरी हसलो. मग ती हळूहळू थांबली, उठून बसली.

“काय सांगितलं त्यानं?”

“हेच. वर चढा आणि मधूनच सरळ खाली या.”

“मधून?”

“हो. मधला पट्टा म्हणजे सोनं म्हणाला.”

“आणि ओढ्याचं?”

“ओढ्याचं नाही बोलला.”

“जपून जा, मध्ये खळगा आहे, असं काहीतरी म्हणाला असेल. आठव.”

“नाही, कांचन. काहीच नाही.”

तिनं गॉगल कपाळावर सारला. “मी त्याला कारण सांगितलं होतं,” ती म्हणाली. “नाही म्हणाले ना, तेव्हा. बसवून, नीट, सगळं सांगितलं होतं. कुठं पडले, किती वेळ आत होते. मला वाटायचं, बाकी काही नाही तरी तेवढं त्याच्या लक्षात राहिलं असेल.”

आणि ती रडायला लागली.

ती रागावली असती तर मला कळलं असतं. राग आला म्हणजे हिशेब संपला. पण ती रडत होती, गुडघ्यात डोकं घालून, आवाज न करता, खांदे हलत होते. तिची आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी तर ती कधीच रडली नव्हती. मी तसं कारणच दिलं नव्हतं. ज्याला तिची आठवणसुद्धा नव्हती त्याच्यासाठी ती रडत होती, आणि ज्याच्या डोक्यात चोवीस तास तिच्याशिवाय दुसरं काही नसायचं तो शेजारी बसून कानातला बर्फ काढत होता. गुलमर्गच्या रांगेत मला जे झालं ते याच्यापुढं काहीच नव्हतं. मत्सर म्हणजे काय ते मला त्या उतारावर कळलं.

माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. ‘बरोबर कोण होतं विचारलं तर म्हणाला, ग्रुपमधले दोन-तीन जण, आता कुठं आठवतंय.’ तेवढं बोललो असतो तर उदयन कर्णिक कायमचा संपला असता. मी ते गिळलं. आजतागायत तिला सांगितलेलं नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. ते ऐकून ती आणखी रडली असती, आणि त्याच्या नावानं आणखी एक अश्रू मला सोसला नसता.

बऱ्याच वेळानं तिनं हातमोज्यानं डोळे पुसले आणि उभी राहिली. “चल.”

“खाली?”

“वर. रेघ अर्धीच राहिलीय.”

“माझी कसली रेघ? जागा मी शोधलीच नाही.”

“मग माझी,” ती म्हणाली. “जागा नसेल, ओढा तर मी शोधलाय.”

आम्ही पुन्हा चढलो. माझी पोटरी दुखत होती, पण मी बोललो नाही. वर पोचल्यावर तिनं गॉगल डोळ्यांवर घेतला आणि देवदारांच्या कडेनं सुटली. मी तिला गुलमर्गच्या गर्दीच्या उतारांवर पाहिलं होतं, पण असं नव्हतं पाहिलं. अंगात वजनच नाही असं वाटत होतं. मनात म्हटलं, आता ही थेट खाली. आणि तिनं तसंच जावं. असा बर्फ माणसाला रोज मिळत नाही.

पहिल्या वळणावर ती थांबली आणि तिनं मागं वळून पाहिलं.

स्की करणाऱ्या कुणालाही विचारा. पावडरमध्ये मध्येच थांबणं म्हणजे गाणाऱ्यानं तान अर्ध्यावर टाकून पाणी प्यायला उठण्यासारखं आहे. थांबलं की पाय रुततात, मग काठ्या मारत, ढकलत पुन्हा सुरुवात करावी लागते. लोक अशा उतारासाठी वर्षानुवर्षं वाट बघतात आणि मिळाला की श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाहीत. कांचननं मी जवळ येईपर्यंत वाट पाहिली.

“येतोयस ना?”

“येतोय.”

मग पुढचं वळण. पुन्हा थांबली. पुन्हा मागं वळली. त्याच्या पुढचं वळण, तिथंही तेच. एवढ्या सुंदर कोऱ्या बर्फावर तिची रेघ ठिकठिकाणी तुटत चालली होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. एव्हाना माझ्या पायांना बर्फाची ओळख झाली होती. मला बऱ्यापैकी वेगानं उतरता आलं असतं. पण मी मुद्दाम सावकाश उतरलो, आणि दोनदा तर उगीचच पडलो.